फुटाला एक सूत

इंगवले डॉक्टरीणबाईंची एम.जी. सापडली
कागलजवळच्या एका गोठ्यात.
एकोणपन्नासचं मॉडेल, दोनच माणसांची गाडी,
आणि ड्रायव्हरच्या जागी कोंबडी उबवणीला बसलेली.
बाई एकवीस दिवस थांबल्या,
मग चेन ब्लॉक घेऊन गेल्या.

उद्यमनगरात तिला हात लावायला कुणी तयार नव्हतं.
मिलिमीटरचा पाना घसरायचा, इंचाचा बसायचाच नाही.
तिच्या नटांचं माप तिसरंच, व्हिटवर्थ.
पान्यावर कोरलेलं एक, मोजावं तर भरतं दुसरंच.
तसले पाने एकाच पत्र्याच्या पेटीत उरले होते,
एरंडेल लावलेल्या फडक्यात,
बाबालाल उस्तादांच्या खाटेखाली.
मिलमधून सुटताना त्यांच्या वडिलांना
फंडाच्या पैशांऐवजी मिळालेले, असं ते सांगायचे.
खरंखोटं पान्यांना ठाऊक.

चाकं सरळ झाली. तारा सायकलवाल्या गवंडींनी ओढल्या,
एकेक तार बोटानं वाजवून.
कार्ब्युरेटरची सुई एका घड्याळजीनं घासून दिली
आणि पैसे घेतले नाहीत,
फक्त हॉर्न एकदा वाजवायला मागितला.
अडलं ते पाण्याच्या पंपावर.
बॉडीला केसाएवढी चीर,
आतून गंजानं खाल्लेली, चाळणी झालेली.

विलायतेहून उत्तर आलं: पंप आहे.
किंमत पौंडात, कस्टम वेगळं.
बाईंनी पत्राची घडी चष्म्याच्या घरात ठेवली
आणि म्हणाल्या, तुम्हीच ओता की.

मला वाटलं सोपं आहे.
जुना पंप मातीत दाबायचा, ठसा घ्यायचा, रस ओतायचा.
उस्ताद हसले, दात नसलेलं.
"ल्हान येतंय त्ये. लोखंड हाय.
थंड होताना अंग चोरतंय.
फुटाला एक सूत."

म्हणून पॅटर्नवाल्याची पट्टी वेगळी असते.
तिच्यावरचा फूट फुटापेक्षा सूतभर मोठा.
चौदाव्या वर्षी, नवा असताना,
मी त्या पट्टीनं आमच्या घराची चौकट मापली होती
आणि दार कापलं सुताराच्या पट्टीनं.
ते दार अजून वाऱ्यात वाजतं.

सागवानाचा पॅटर्न झाला अकरा दिवसांत.
उस्तादांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू,
ते अंगठ्यानं बघायचे.
इथं कागदभर जास्त आहे, म्हणायचे,
आणि कागदभरच असायचं.

शिरोलीत ओतलं.
कोअरच्या वाळूत कारखान्याची मळी,
भट्टीत भाजताना सगळ्या शेडमध्ये गुऱ्हाळाचा वास,
पोरांना चहा गोड लागेना.
पहिली बॉडी फुटकी निघाली.
दुसरीत पोकळी, आत सुपारी मावेल एवढी.
तिसरी उस्तादांनी दोरीला टांगली,
हातोडीनं हलकेच मारली
आणि कान लावून उभे राहिले.
घुमली.
बराच वेळ घुमत होती.

पन्हाळ्याच्या चढाला बाई स्वतः बसल्या गाडीत,
डोक्याला स्कार्फ, वय एकाहत्तर.
मी शेजारी, मांडीवर पाण्याचा कॅन.
वाघबीळला थांबलो. वाकून बघितलं.
एक थेंब.
मग बराच वेळ काही नाही.
मग आणखी एक.
चालतंय, बाई म्हणाल्या, माझंही गुडघ्यात तसंच आहे.

परत आलो तर उस्ताद पेटी आवरत होते.
व्हिटवर्थचे पाने त्यांनी बाईंना दिले,
गाडीबरोबरच राहू द्यात म्हणाले.
मला ती पट्टी.
पितळी, मधले आकडे झिजलेले,
सात आणि आठ तर अंदाजानंच.

मी तीस वर्षं त्यांच्या हाताखाली.
ओतून थंड झालो तेव्हा किती आकसलो,
कधी विचारलं नाही.
त्यांनी किती सूट धरली होती,
तेही.

दारापर्यंत सोडायला आले,
भिंतीला हात लावत.
"घरी न्यू नगंस ती," म्हणाले.
"घरात खरी पट्टी वापर."